आळीची पाणसळ

९ जून

बाईसाहेबांस,

पत्राला काही कारण नाही, म्हणूनच लिहितोय. फोनवर आपण भांडतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

इकडे सगळं ठीक आहे. नदी पार खाली गेलीय, वाळूवर बगळे उभे असतात. वसंतातल्या अवकाळी पावसात हीच नदी आपल्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसली होती, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटायचं नाही. त्या दिवशी आपण दोघं दिवसभर माळ्यावर बसलो. तू शिलाई मशीनही वर चढवायला लावलंस, माझी कंबर अजून बोलते. संध्याकाळी पाणी उतरलं, तू खाली आलीस, कपड्यांच्या घड्या घातल्यास आणि म्हणालीस, "माळ्यावर बसायला मी काय मांजर आहे? पुराचा विमा काढा, नाहीतर घर विका. दोन्ही जमत नसेल तर मी ताईकडे आहे."

मी हसलो. हसायला नको होतं, हे मला तुझी बस सुटल्यावर कळलं. माझं सगळं तसंच, उशिरा.

पण तूच सांग, मी घाबरू कसा? आपल्या दारावर लिहिलेलं आहे. लहानपणापासून मी तो तपकिरी पट्टा बघत आलोय, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मोठ्या पुराची खूण. बाबा दार रंगवायचे तेव्हा वरून रंगवायचे, खालून रंगवायचे, बोटभर पट्टा सोडायचे. पुढे मीही तेच केलं. जगात कितीही पाऊस पडो, नदीची मजल कमरेपर्यंत. माळा त्याच्या कितीतरी वर. मग चिंता कशाची?

काल दुपारी डोळा लागला तेव्हा स्वप्नात नदी घरात आली होती. उंबऱ्यावर पाय पुसले तिने, आणि पट्ट्यापाशी येऊन थांबली, पाहुण्या बाईसारखी. मी म्हटलं, बसा. तेवढ्यात जाग आली.

तुझ्या ताईला नमस्कार. तिला म्हणावं, मी जेवतो.


२ जुलै

बाईसाहेब,

तुझं कार्ड पोचलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: "विमा काढलात का?" खाली सहीदेखील नाही. टपालवाल्याने माझ्या आधी वाचलं आणि जाता जाता म्हणाला, "काढा हो एकदाचा." आता आळीभर झालंय. सायकलवाला पंक्चर काढता काढता मला ओरडून विचारतो.

तर ऐक. विमेवाल्याला बोलावला. मी छाती पुढे काढून बाबांच्या वेळचे घराच्या विम्याचे कागद त्याच्यासमोर ठेवले. म्हटलं, इतकी वर्षं हप्ता भरतोय, बायकोला उगाच वाटतं विमा नाही. त्याने चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढला. असा चष्मा काढणाऱ्या माणसांचं मला भय वाटतं.

"आग आहे," तो म्हणाला. "चोरी आहे. वादळानं छप्पर उडालं आणि त्यातून पाऊस आत आला, तर तेही आहे. पूर नाही."

"पाणी ते पाणी!"

"नाही ना काका. वरून पडलेलं पाणी यात बसतं. जमिनीवरून चालत आलेलं बसत नाही. त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. आणि घराच्या भिंतींचा वेगळा, आतल्या सामानाचा वेगळा."

म्हणजे इतकी वर्षं मी नदीच्या काठावर बसून आगीचा विमा भरत होतो. हसू नकोस. किंवा हस, तुझं हसणं ऐकून बरेच दिवस झाले.

मग त्याने नकाशा उलगडला. नदीच्या दोन्ही बाजूंना लाल रंग, त्याच्या पलीकडे पिवळा. आपली आळी पिवळ्यात. मी म्हटलं, झालं तर मग, आपण लाल रेषेच्या बाहेर. तो म्हणाला, "रेषा माणसांनी काढलीय काका. पिवळ्यात धोका कमी आहे, नाही असं नाही. लोक पिवळं बघून विमा काढत नाहीत, आणि मग पिवळ्यातच रडारड होते." जोत्याची उंची मोजून घेतली तर हप्ता ठरवता येईल, असंही म्हणाला. मी म्हटलं, मोजायचंय काय, दारावर आहे सगळं. त्याने पट्टा पाहिला, मान डोलावली, आणि तरी मोजणीवाली पाठवतो म्हणाला. हल्लीच्या लोकांना डोळ्यांवर विश्वासच नाही.

सकाळी धुकं होतं. तळघरातल्या कामाच्या खोलीत दार उघडं टाकून रंधा मारत होतो, भुसा हवेत तरंगत होता आणि बाहेर धुकं. आत कुठे नि बाहेर कुठे, कळेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, जागेपणीही अर्धे झोपेतच असता. होतो.


१९ जुलै

बाईसाहेब,

रागावलोय. तुझ्यावर नाही.

मोजणीवाली आली होती. तीन पायांवर दुर्बीण, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. वयाने आपल्या लेकीएवढी, आपल्याला लेक असती तर. दुर्बिणीतून तिने आपलं जोतं मोजलं, रस्ता मोजला, पूल मोजला. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, "मोठा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो म्हणतात. तो येऊन गेला. आता पुढच्या पिढीने बघावं."

ती म्हणाली, "काका, घरात बटणं आहेत?"

तुझा बटणांचा डबा दिला. तिने मोजून नव्व्याण्णव पांढरी बटणं एका पिशवीत घातली, त्यात एक लाल टाकलं आणि पिशवी हलवली. "दर वर्षी नदी यातून एक बटण काढते. लाल निघालं तर मोठा पूर. पण काढलेलं बटण ती परत पिशवीत टाकते. म्हणजे पुढच्या वर्षी लाल पुन्हा आतच असतं."

मी म्हटलं, हा लहान मुलांचा खेळ आहे. ती गेल्यावर मात्र खेळत बसलो. रोज चहाच्या वेळी डोळे मिटून एक बटण काढतो, बघतो, परत टाकतो. पांढरं, पांढरं, पांढरं. मंगळवारी लाल. परत टाकलं, हसलो. बुधवारी पुन्हा लाल. तेव्हा नाही हसलो. उठून नदी बघून आलो. पावसाने ओढ दिलेली, ती आपली वाळूत पडून होती.

पण रागाचं कारण ते नव्हे. निघताना तिने आपला पट्टा मोजला, वहीत आकडा मांडला, पुन्हा मोजला. मग म्हणाली, "ही खूण इथली वाटत नाही."

"इथली नाही म्हणजे?"

"त्या पुरात पुलाच्या कमानीवर पाणी कुठवर चढलं ते दगडात कोरलेलं आहे. तिथे एवढं पाणी असताना तुमच्या दारात फक्त एवढंच? पाणी असं वागत नाही, काका. ते सगळीकडे एकाच पातळीत राहतं."

मला सांगते! पाणी पातळीत राहतं, हे मला! या आळीत घर बांधताना प्रत्येक जण नळीची पाणसळ घेऊन आपल्याच दाराशी आलाय. लांब नळीत पाणी भरायचं, एक टोक आपल्या पट्ट्याला धरायचं, दुसरं त्यांच्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी थांबलं की तिथे खूण, आणि खुणेच्या वर हातभर सोडून विजेची बटणं, त्याच्या वर माळा. ते टोक कुणी धरलं? मी. माळे कुणी बांधले? मी. शाळेतल्या मास्तरांच्या आईला दर पुरात ज्या माळ्यावर नेऊन बसवतात तोही माझाच, जिन्याला कठडा लावून दिलाय.

दुसरा चहा दिला नाही मी तिला.


१ ऑगस्ट

तुला,

आज थट्टा सुचत नाही.

तिचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून काल सकाळी दार बिजागऱ्यांतून उचललं आणि कामाच्या खोलीत आडवं टाकलं. तिचं खोटं ठरवायला म्हणून. कडेचा रंग खरवडला. रंगाखाली रंग, त्याखाली अजून रंग, आणि सगळ्यांच्या खाली बिजागऱ्यांच्या खाचा. आपल्या बिजागऱ्यांच्या नव्हेत. दुसऱ्या कडेला, मोठाल्या, लाकडाची ठिगळं बसवून बुजवलेल्या. ठिगळं बाबांच्या हातची, त्यांचं काम मी कुठेही ओळखीन.

ते दार आधी दुसरीकडे लागलेलं होतं.

जन्मभर लोकांची दारं तपासली. कुठली फळी जुनी, कुठली जोडलेली, हात फिरवून सांगतो. आणि ज्या दारातून रोज आत-बाहेर केलं त्यावर एकदाही हात फिरवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दुपारी आत्याकडे गेलो. आत्या आता वृद्धाश्रमात असते, खिडकीजवळ. ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून विचारलं. सगळा मजला ऐकत होता.

"ते होय," आत्या म्हणाली, "ते गिरणीचं दार. पुरात गिरणी बसली. तुझा बाप पाठीवर घालून घेऊन आला. सागवान होतं, फुकट मिळालं, सोडतोय थोडाच!"

"मग त्याच्यावरचा पट्टा?"

"गिरणीतला."

"आणि त्या पुरात आपलं घर?"

"घर कुठलं? तेव्हा तिथे घरच नव्हतं. आळीच नव्हती. कोण राहील त्या खड्ड्यात! म्हणून तर जमीन तुझ्या बापाला परवडली."

मी म्हटलं, आत्या, हे कधी बोलली कशी नाहीस? तर म्हणते, "मला विचारलं कुणी?"

गिरणी तुला आठवते ना, शेतांच्या पलीकडे टेकाडावर, आता नुसत्या भिंती उरल्यात. लग्नानंतर आपण तिथे बसायला जायचो. तिथून आपली आळी खाली दिसते. खाली, बाई. त्या टेकाडावर उभ्या असलेल्या दाराला जर कमरेपर्यंत पाणी होतं, तर आपल्या घरात ते कुठे असेल?

बाबांनी मुद्दाम फसवलं नसणार. ते मुळात बोलायचेच कमी. त्यांनी पट्टा का जपला, कोण जाणे. बाकीचं सगळं माझं मीच जुळवलं, आणि आळीभर वाटत सुटलो.

दार अजून आडवंच आहे. घराला दाराच्या जागी चादर लावलीय. वारा आला की ती फुगते, आणि मला क्षणभर वाटतं, तू वाळत घातलेले कपडे काढायला आलीस.


१२ ऑगस्ट

बाईसाहेब,

तुझं कार्ड मिळालं. "लोकांना सांगितलंत का?" तुझे प्रश्न असे असतात की उत्तर लिहिण्याआधी माणसाला काहीतरी करावं लागतं.

सांगितलं. मास्तरांच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. खूप वेळ खाकरलो, मग सांगितलं की माझे माळे पुराच्या पातळीच्या खाली आहेत. मग सायकलवाला म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तुझ्या दारावरून नळी धरली ती चुकीची?" दुसरा म्हणाला, "सुतारकाम कमी झालं वाटतं, आता वरचा मजला बांधा म्हणेल." मास्तरांची आई आपल्या खुर्चीतून म्हणाली, "मी काही माळा सोडून कुठे जाणार नाही. तिथे माझी गादी आहे." सगळे हसले, आणि चहा पिऊन घरी गेले.

त्या हसण्यात तुझ्या बसचा आवाज ऐकू आला मला.

मग मी काय केलं ते ऐक. दार पाठीवर घेतलं. बाबांनी खाली आणलं होतं, मी वर नेलं. वय झालंय, तीनदा बसलो वाटेत. मोजणीवालीला आधीच निरोप दिला होता. (हो, माफी मागितली. दोन चहा दिले.) पहाटेचं धुकं अजून शेतात होतं. गिरणीच्या दगडी चौकटीत जुने लोखंडी खिळे अजून तसेच आहेत. ठिगळं काढून दार त्यांच्यावर टेकवलं. बसलं! इतक्या वर्षांनी, जराही न कुरकुरता. आणि मग मी पाहिलं की पट्टा दारावर संपत नव्हता. दाराच्या कडेवरून तो दगडावर गेला होता, भिंतभर, फिकट पण तोच, त्याच उंचीवर. मागे आकाश, मध्ये एकटं दार, आणि दोन्ही बाजूंना ती सरळ तपकिरी रेघ. मी जागा आहे की नाही, हे मला खरंच ठरवता येईना.

तिने दुर्बीण बरोबर पट्ट्याच्या उंचीवर लावली आणि आळीकडे वळवली. म्हणाली, "आडवी तार दिसेल. तिच्याखाली सगळं पाणी समजा."

मी डोळा लावला. आपलं घर दिसलं. पायऱ्या दिसल्या, चादर दिसली, भिंतीबाहेर आलेली तुझी तुळई दिसली, तीच, जिला दोरी बांधून तू कपडे वाळवायचीस. तार शोधत गेलो. खिडकीवर नव्हती. माळ्याच्या झरोक्यावरही नव्हती. ती छपरावर होती, कौलांच्या मधोमध.

आपण दोघं त्या दिवशी जिथे बसलो होतो, आणि मी हसलो होतो, ती जागा कितीतरी खाली होती.

दहा वाजेपर्यंत आळीतली माणसं टेकाडावर एकटं दार उभं बघून वर यायला लागली. आधी मुलं, मग बाया, मग हात मागे बांधून सायकलवाला. मोजणीवालीने काही समजावलं नाही. नुसती बाजूला झाली. एकेकाने डोळा लावला, आपापलं घर शोधलं, आणि एकेक जण बाजूला झाला. मास्तर तर दुर्बीण सोडीनात. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "काच धुरकट आहे."

काच स्वच्छ होती.


५ सप्टेंबर

बाईसाहेब,

विमा काढला! घराचाही, सामानाचाही. आता कार्डावर काय लिहिशील?

हप्ता आधी सांगितला होता त्याहून वाढला. मी कुरकुर केली की गिरणीचं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. विमेवाला म्हणाला, "काका, धोका तेवढाच होता. तुम्हाला आत्ता कळला, एवढंच." दोन खुसपटं आहेत. तळघरातल्या कामाच्या खोलीतलं फारसं काही त्यात बसत नाही, म्हणजे माझी हत्यारं माझ्याच नशिबावर. आणि विमा आज घेतला तरी लागू व्हायला महिना जावा लागतो. नाहीतर लोक ढग बघून धावत येतील, असं तो म्हणाला. बरोबर आहे. मी तेच केलं असतं.

आळीत कामं जोरात. विजेची बटणं वर चढवतोय, महत्त्वाचे कागद शाळेच्या कपाटात नेऊन ठेवलेत. शाळा टेकाडाच्या बाजूला, पट्ट्याच्याही वर आहे, दुर्बिणीने मोजून घेतलंय. किल्ली मास्तरांकडे. त्यांच्या आईसाठी मी दोन दांड्यांची खुर्ची केली, चौघांनी उचलायची. बसून बघितली तिने. म्हणाली, "लग्नात सुद्धा मला कुणी असं उचललं नव्हतं." गादी बरोबर न्यायच्या अटीवर तयार झालीय. या कामांचे पैसे मी घेत नाही. कुणी विचारतही नाही.

या खेपेच्या कार्डावर तू विचारलंयस, "आणि तुम्ही कधी निघणार?" अगं, पाणी आलं की सगळ्यांबरोबर. काळजी करू नकोस. मी काय वेडा आहे?

वर डोंगरात पाऊस धरलाय म्हणतात. इथे ऊन आहे, पिवळं, मऊ. नदीचा रंग तेवढा बदललाय, दूध घातलेल्या चहासारखा.


२४ सप्टेंबर, शाळेतून

तुला,

फोनवर तुला सगळं सांगता आलं नाही. मास्तर बाजूलाच उभे होते. म्हणून लिहितो. चौथीच्या वर्गात बसलोय, बाक माझ्या गुडघ्यांना पुरत नाही.

परवा दुपारी इशारा आला. कुणीही वाद घातला नाही. मास्तरांची आई खुर्चीतून गेली, गादी मांडीवर. सायकलवाल्याने सायकली सोडल्या आणि शेजारणीची म्हातारी कुत्री उचलली. ऊन होतं अजून. ओळीने सगळे शेतातून वर चालले होते, सहलीला निघाल्यासारखे. इथवर फोनवर सांगितलं.

पुढचं सांगितलं नाही. तू विचारलंस, "अहो, माळ्यावर नव्हतात ना तुम्ही?" आणि मी म्हटलं, "छे!" त्यावर तू रडलीस. इतक्या वर्षांत तुला रडताना मी क्वचितच ऐकलं. मग तू म्हणालीस, "शनिवारच्या बसनं या. ताईशी बोलते." आणि फोन ठेवलास.

मी खोटं बोललो. सगळ्यांना पुढे घालून मी परत फिरलो होतो. मास्तरांना सांगितलं, खोलीला कडी लावून येतो. आणि माळ्यावर जाऊन बसलो. तार छपरावर असते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, लोकांना दाखवलं होतं. तरी चढलो. पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं. आवाज नव्हता, नुसतं एकेक पायरी नाहीशी होत होती. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. अंग जड, डोळे जड, दुपारच्या झोपेत असतं तसं. वाटलं, हे बाबांचं घर, हा माझा माळा, इथून कुठे जायचं आता. सगळ्यांना वाचवायला निघालेला माणूस आतून हेच ठरवून बसलेला होता, आणि तू ते कार्डावरच ओळखलं होतंस.

मग मी खाली खोलीत बघितलं. पाण्यावर तुझं स्टूल तरंगत होतं. शिलाई मशीनपाशी नेहमी असायचं ते. गोल गोल फिरत होतं, रिकामं. मला तुझा राग आला. वाटलं, ही बाई इथे नाही आणि मी हिची खोली राखत बसलोय! ती तिकडे कार्डं लिहितेय, आणि मी इथे हिच्या स्टुलाला सोबत करतोय. या घरात राखण्यासारखं जे होतं ते वसंतात बसमध्ये बसून गेलं. एवढी साधी गोष्ट मला स्टूल तरंगेपर्यंत कळली नाही. खाली उडी मारली. छातीएवढं पाणी होतं. कसा आलो ते विचारू नकोस. शेतातल्या कुंपणाला धरून आलो. शाळेच्या पायरीवर सायकलवाल्याने मला कॉलर धरून वर ओढलं आणि इतक्या शिव्या दिल्या की मुलांना आत पाठवावं लागलं.

काल सकाळी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. सगळं शांत, चकचकीत, आणि त्यात छपरं. आमच्या एकाही माळ्याचा झरोका दिसत नव्हता. मास्तरांची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. आळीतलं एकही माणूस गेलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो.

आपलं घर राहिलं नाही. नदीकडची भिंत गेली, तिच्यामागून छप्पर. विमा लागू व्हायला अजून थोडे दिवस होते. विमेवाला होडीतून आला होता, मान खाली घालून. म्हटलं, अरे तुझा काय दोष, मी वसंतात बायकोचं ऐकलं असतं तर आज तू पैसे मोजत असतास. पुढे काय करायचं मला माहीत नाही. हात शाबूत आहेत, सुताराला गावोगाव काम मिळतं. तुमच्या तिकडेही लोक दारं लावतच असतील.

आता मुद्द्याचं. तू "या" म्हणालीस ते माझं "छे" ऐकून. ते खोटं होतं, म्हणून ते "या" मी धरत नाही. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. सगळं वाच. माळ्यावर चढलेल्या माणसाला घरात घ्यायचं नसेल तर शाळेत फोन कर, मास्तर उचलतील, मी इथेच राहीन आणि तुला दोष देणार नाही. काहीच कळवलं नाहीस, तर मी शनिवारी बसमध्ये बसेन.

वसंतापासून तुझ्या गप्प राहण्याला मी घाबरत आलोय. या खेपेला, हात जोडतो, गप्प राहा.